मी बरणी सांडू दिली न्हाई

त्या दिवशी तितं कोण कोण व्हतं ते आदी सांगते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारी मनाचं सांगती. मी व्हते, अनशी. कागदावर अनसूया, पण त्या नावानं मला फकस्त शाळेत हाक मारली, आन शाळा चौथीतच सुटली. शेठ व्हते, कारखान्याचे मालक. बाटल्या धुणारी चंद्रामावशी व्हती. माजा मामा मागनं आला, आन त्याच्या मागनं माजी आय. शमीमबाई म्हंजे कारखान्याच्या केमिस्ट, त्या सकाळी न्हवत्या, दुपार कलल्यावर आल्या. एवढीच माणसं. त्यातलं मी सोडून आता कुणी राहिलं न्हाई, म्हणून नीट सांगते. मी बोलते आन नात लिवून घेती. ती नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात लॅबमदी कामाला हाय, तवा आकडं तिनं तपासल्यात. बाकी सगळं माजं.

आमचं गाव टाकवे बुद्रुक. बाप गेल्यावर चुलत्यांनी चूल एगळी करून दिली, पण चुलीत घालायला काय दिलं न्हाई. मंग आय मला घिऊन लोणावळ्याशेजारी भुशीला मामाकडं आली. मामाचं घर दोन खणाचं. म्होरल्या खणात मामा, मामी आन त्यांची पोरं, मागल्यात आमी दोघी, शेरडं आन जळाण. मामी वाईट न्हवती, पण तिच्या हातातलं भांडं बोलायचं. आमी जास्त जेवलो की ताटली खण्णकन ठिवायची. आयला सगळं कळायचं. ती हुलग्याचं माडगं पातळ करून सोता प्यायची आन भाकरी माज्याकडं सारायची. माडग्यात लसूण आन एक लाल मिरची ठेचून घातलेली असायची, थंडीत तेवढ्यानं पोटात ऊब यायची. आजबी मला कुणी इचारलं काय खाऊ वाटतं, तर मी माडगंच म्हणते. सुना हसत्यात. हसू द्या.

आय बंगल्यांवर चादरी धुवायची आन घरी आली की मामाचा तांब्याचा हंडा घासायची. चिंचेचा कोळ आन चुलीतली राख, बस. पण असा घासायची की त्यात मामीला टिकली लावता यावी. मी एकदा म्हणलं, "आय, हंडा आपला न्हाई, कशाला एवढं हात झिजवती?" तर म्हणली, "ज्याच्या घरात राहायचं त्याच्या घरात आपलं काय तरी दिसाया पायजे." मला ते तवा पटलं न्हवतं. आताबी अर्धंच पटतं.

मामा त्या कारखान्यात बाटल्यांच्या पेट्या टेसनावर पोचवायचा. त्याच्या शब्दावर मला तितं काम मिळालं. कारखाना म्हंजे लोणावळ्यात बाजाराच्या मागं एक पत्र्याची शेड, आत दोन लांब टेबलं, काचेच्या पेटीतला तराजू आन एक मीटर, काट्याचं. तितं आमी पाणी बनवायचो. असं म्हणलं की लोक हसायचे, पाणी काय बनवायचं? पण ते साधं पाणी न्हवं. कंपन्यांमदी आंबटपणा मोजायचं मीटर असतं. ते बरोबर दावतं का खोटं, ते बगायला आकडा ठरलेलं पाणी लागतं. आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. ह्या पाण्याला बफर म्हणत्यात. त्यात आम्ल असतं आन त्याच आम्लाचं मीठबी असतं, म्हणून चुकून त्यात काय थेंबभर पडलं तरी आकडा लगेच हालत न्हाई. दोघं एकमेकाला धरून असत्यात. शमीमबाईंनी मला पहिल्या दिवशी असंच सांगितलं, आन मी म्हणलं, म्हंजे आमच्या मामीसारखं न्हाई. बाई लय हसल्या. तवापसनं त्या मला जरा जवळ करायच्या.

शमीमबाई लोणावळ्याच्याच. त्यांच्या वडलांचं बाजारात छत्र्यांचं दुकान व्हतं. पुण्याला शिकून आल्या व्हत्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, डब्यात कायम अंड्याची पोळी, आन त्यातली अर्धी मला. त्यांनी मला तराजू धरायला शिकवला. श्वास रोखायचा, पेटीचं दार लावायचं, काटा थांबला की मंगच उचलायचं. आम्लाचं काम माज्याकडंच व्हतं, बाईंनी आदीच हलकं करून ठिवलेलं. काचेचं एक माप व्हतं, ते काठोकाठ भरून वतायचं. मी मोठ्यानं मोजायची, खळ्यावर धान्य मोजत्यात तसं. पहिल्या मापाला एक म्हणायचं न्हाई, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. बाई म्हणल्या, "अगं, हे काय भात आहे का?" मी म्हणलं, "बाई, मापाला माप. एक म्हणलं की संपल्यासारखं वाटतं." त्यांनी मोडता घातला न्हाई. उलट म्हणल्या, मोठ्यानंच मोजत जा, चुकायची नाहीस.

भिंतीवर त्यांनी खडूनं एक सूत्र लिवलं व्हतं. इंग्रजी अक्षरं, मला वाचता यायची न्हाईत, पण त्याचा अर्थ बाईंनी सांगितला व्हता. प्रत्येक आम्लाचा आपला सोताचा एक आकडा असतो. मीठ आन आम्ल सारखं घातलं की पाण्याचा आकडा तोच येतो. मीठ जास्त तर आकडा वर, आम्ल जास्त तर खाली. आमच्या सगळ्यात आंबट बाटलीचं आम्ल दोन पॉइंट एकवालं व्हतं. त्यात मिठाच्या एका पुडीला आम्लाची दोन मापं पडली की दोघं सारखं व्हायचं. मी तशा किती बाटल्या केल्या आसतील, काटा दोन पॉइंट एकाच्या जवळपासच यायचा. सूत्र भिंतीवर, काटा टेबलावर, आन दोघांचं पटायचं. मला वाटायचं जगात एवढी एकच जागा हाय जितं सगळ्यांचं पटतं.

मंग तळेगावकडच्या एका कंपनीनं सांगितलं, आमाला तेच पाणी पातळ पायजे. घट्ट पाण्यानं त्यांच्या मीटरच्या तोंडाला पांढरं मीठ धरायचं. दहा पट पातळ करा, आकडा तोच ठिवा. शमीमबाई त्या दिवशी सकाळच्याला पुण्याला गेलेल्या, बहीण दवाखान्यात व्हती म्हणून. शेठ म्हणले, त्यात केमिस्ट कशाला? त्यांनी भिंतीकडं बघितलं, सूत्र वाचलं आन म्हणले, "ह्यात पाण्याचा हिशेबच नाही. मीठ किती आणि आम्ल किती एवढंच आहे. म्हणजे पाणी कितीही वाढवा, आकडा तोच. अनशे, तीच मापं घे, मोठ्या बरणीत टाक आणि दहा पट पाण्यानं भर."

मी तसंच केलं. मिठाची पुडी मोजली, बरणीत टाकली. आम्ल वतलं, लाभ, दोन. पाणी खुणेपातुर भरलं. ढवळलं. शेठनी मीटरचं टोक बुडवलं. काटा चढला आन दोन पॉइंट चारावर जाऊन बसला. शेठनी टोक धुतलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा दोन पॉइंट चार. त्यांनी कागद घेतला, भिंतीकडं बघत काय तरी लिवलं, आन माज्याकडं वळले.

"एकच माप टाकलंस."

"दोन टाकली, शेठ."

"दोन टाकली असतीस तर दोन पॉइंट एक आला असता. हा बघ हिशेब. आम्ल बरोबर अर्धं पडलंय. बरोबर अर्धं! एक माप."

"मी दोन टाकली. चंद्रामावशीला इचारा."

चंद्रामावशी मोरीतनं म्हणली, "लाभ म्हणली, दोन म्हणली. मी ऐकलं की."

"तुला कोण विचारतंय? तोंडानं दोन म्हणायचं आणि हातानं एक टाकायचं, ह्यात काय अवघड आहे?" शेठ म्हणले. मंग हळू आवाजात, आन ते हळू बोलणंच मला जास्त लागलं, "तुझ्या मामाकडचा हंडा आरशासारखा चमकतो, ते मी दिवाळीला आलो तेव्हाच बघितलंय. बाजारात कुणी असं चकचकीत भांडं पाहिलं नाही. आम्लानं तांबं कसं उजळतं ते मला शिकवू नकोस."

माजं कान तापलं. मी म्हणलं, "ती चिंच आन राख हाय, शेठ. माज्या आयचं हात हायेत. इश्वास नसंल तर घरी या, हंडा देते, घासून बगा सोता." चंद्रामावशीनं मोरीत पदर तोंडात घातला. शेठचा चेहरा लाल झाला. म्हणले, "फार बोलायला लागलीस. आधी ही बरणी मोरीत ओत आणि माझ्यासमोर नवी कर. आणि कबूल कर की एक माप घरी नेलंस. मग बघू काय करायचं ते."

आता एवढी सत्तरी उलटली, तरी मला तो क्षण जसाच्या तसा आठवतो. मी बरणी उचलायला वाकले, आन वाकल्यावर डोक्यात आलं, की ही सांडली तर माजं काय राहिलं? मी टाकलेली दोन मापं हिच्यातच हायेत. जगात दुसरीकडं कुटं न्हाईत. नवी बरणी दोन पॉइंट एक दावंल न्हाईतर चार दावंल, ती नव्या बरणीची गोष्ट. ह्या बरणीत मी काय केलं ते फकस्त ह्या बरणीला ठावं. ती कसं सांगंल ते मला कळत न्हवतं, मी चौथी शिकलेली. पण सांडलेलं पाणी कुणालाच काय सांगत न्हाई एवढं कळत व्हतं. मी बरणीचं झाकण घट्ट लावलं, ती दोन्ही हातानी खाली घेतली, मांडीशी धरली आन जिमिनीवर बसले.

"सांडणार न्हाई," मी म्हणलं.

"काय?"

"बाई येऊस्तवर सांडणार न्हाई. बाईंना दावणार."

शेठनी आरडाओरड केली. हात मातुर लावला न्हाई, ते खोटं सांगणार न्हाई. तसं ते माणूस मारकुटं न्हवतं. पण मामाला बोलावणं धाडलं. मामा टेसनावरनं घामाघूम धावत आला. दारातनंच म्हणला, "अनशे, ऊठ. माफी माग. दोन शब्दांनी तुजं काय झिजतं?"

"मी घेतलंच न्हाई, मामा."

"मला ठावं हाय तू घेतलं न्हाईस. त्याचा काय संबंध? मालक म्हणत्यात तर व्हय म्हणायचं, पाया पडायचं, उद्या कामाला यायचं. मीबी दहादा पडलोय. तुज्यापायी माजंबी काम जाईल. मंग सगळी मिळून काय खायचं, तुजा ताठा?"

त्याचं खोटं न्हवतं. हे मी आज म्हणू शकते. त्याच्या घरात खाणारी तोंडं सात, आन त्यातली दोन आमची. तो भेकड न्हवता, तो फकस्त कदीच त्या दारातनं आत येऊन बसला न्हवता. बरणी गार व्हती, माज्या पोटाला गारठा लागत व्हता. मामा म्हणला, "आता तुजी आयच येऊ दे," आन निरोप घिऊन सोताच भुशीला गेला.

आय आली ती बंगल्यावरनं तशीच, लुगड्याचा काष्टा वला, हात पांढरं पडलेलं. तिनं शेठकडं बघितलं न्हाई, मामाकडं बघितलं न्हाई. माज्या म्होरं उकिडवी बसली. एकच इचारलं.

"टाकलंस का गं दोनीबी?"

"टाकली."

"मंग बस."

आन माज्या शेजारी सोताबी बसली. मामानं कपाळाला हात लावला. म्हणला, "आक्का, तू तरी!" आय म्हणली, "पोरीनं टाकलं म्हणती. मी ऐकलं. आता तू पेट्या पोचव जा." फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आन सुकट तिनं सोडली, माज्या तोंडात घास घालायला लागली, कारण माजं दोनी हात बरणीला व्हतं. एवढी मोठी घोडी मी, आन आयच्या हातानं जेवत व्हते, शेठच्या म्होरं. सुकटीचा वास सगळ्या शेडमदी. शेठ नाकाला रुमाल लावून भायेर गेले. चंद्रामावशी म्हणली, "घाल गं तिला आजून एक, ताकद लागणार हाय पोरीला."

शमीमबाई आल्या तवा ऊन पत्र्यावरनं उतरलं व्हतं. शेठनी दारातच सगळं सांगितलं, त्यांच्या बाजूनं. बाईंनी पिशवी खाली ठिवली आन मला इचारलं, "बरणी हीच?" मी मान हालवली. "झाकण कुणी काढलं?" "कुणी न्हाई." "शाब्बास," त्या म्हणल्या, आन हात पुढं केलं. मी त्यांनाच दिली.

त्यांनी आदी मीटर तपासलं, दुसऱ्या बाटलीवर. बरोबर. मंग माजी बरणी. दोन पॉइंट चार. शेठ म्हणले, "बघा." बाई टेबलापाशी स्टुलावर बसल्या आन कागदावर लिवायला लागल्या, भिंतीकडं न बगता. पान भरलं, दुसरं घेतलं. मंग पेन खाली ठिवला आन डोक्याला हात लावला.

"शेठ, हिशेब दोन पॉइंट चारच येतो. दोन मापं टाकून."

"असं कसं? सूत्र तुमचंच आहे!"

"माझंच आहे. आणि ते सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं, की जेवढं आम्ल टाकलं तेवढंच आम्ल राहतं. पण पाण्यात पडलं की त्यातलं थोडं फुटतं. फुटलं की आम्ल घटतं आणि मीठ वाढतं. घट्ट पाण्यात ते फुटणं एवढंसं असतं, कळत नाही, म्हणून सूत्र चालतं. पातळ केलं की जवळजवळ तिसरा हिस्सा फुटतो. मग राहिलेलं आम्ल मिठाच्या निम्म्यावर येतं, आणि सूत्राला वाटतं कुणीतरी अर्धंच टाकलं. ते सूत्र इथं चालत नाही हे मला माहीत होतं. भिंतीवर मी ते लिहिलं नाही. चूक माझी."

शेठ हट्टी. म्हणले, "हा तुमचा कागद झाला. हिनं दोन मापं टाकली हे कागद कसं सांगणार? तुमची ती लाडकी."

"कागद नाही सांगणार. बरणी सांगेल," बाई म्हणल्या.

हे ऐकलं तवा माज्या अंगावर काटा आला, तो आजबी येतो. त्यांनी नळी असलेली उभी काच काढली, खाली बारकी तोटी. तिच्यात खाराचं, म्हंजे आम्लाला मारणारं, पाणी भरलं. माज्या बरणीतलं थोडं पाणी कपात घेतलं, रंगाचे दोन थेंब टाकले, ते लाल झालं. म्हणल्या, "मीटर फक्त फुटलेलं मोजतं. खार सगळं मोजतो, फुटलेलं आणि न फुटलेलं. जेवढं आम्ल घातलं असेल, तेवढाच खार पिऊन हे पिवळं होईल. एक माप असेल तर नळीतलं पाणी ह्या खुणेपाशी थांबेल. दोन असतील तर ह्या खालच्या." दोनी खुणा त्यांनी आदीच करून ठिवल्या, शेठच्या म्होरं.

थेंब पडायला लागलं. टप, टप. मामा पेट्या टाकून आत आला व्हता. आय उठून उभी राहिली. पहिली खूण आली तरी पाणी लालच. शेठ वाकून बगत व्हते. पहिली खूण गेली. लालच. आणिक खाली, आणिक खाली. दुसऱ्या खुणेपाशी एक थेंब पडला आन पाणी पिवळं झालं, पिकल्या लिंबावानी. बाईंनी तोटी बंद केली. चंद्रामावशी मोरीतनं म्हणली, "लाभ, दोन."

शेठ सरळ उभे राहिले. कोट झटकला. "बरं. झालं गेलं. कामाला लागा."

मामानं माजा दंड धरला, चल म्हणून. मी हालले न्हाई. म्हणलं, "शेठ, सकाळी तुमी मला सगळ्यांच्या म्होरं चोर म्हणलं. माज्या आयच्या हंड्याला म्हणलं. आता सगळी हितंच हायेत. मी टाकलं व्हतं म्हणून सांगा. मंग लागते कामाला."

"अनशे!" मामा दातात बोलला. "मिळालं की सगळं!"

"मला काय मिळालं, मामा? काम माजंच व्हतं. ते मिळालं न्हाई, ते माजंच व्हतं."

मी टेबलाकडं गेले न्हाई. चंद्रामावशीनं हातातली बाटली खाली ठिवली आन पदराला हात पुसत माज्या शेजारी येऊन उभी राहिली. बाईंनी पेन उचलला न्हाई. भायेर पेट्या तशाच. शेठनी एकदा सगळ्यांकडं बघितलं, मंग मीटरच्या काट्याकडं बघितलं, आन काट्यालाच म्हणल्यागत म्हणले, "दोन मापं टाकली होती पोरीनं." मंग म्हणले, "हंड्याचं बोलायला नको होतं."

आय म्हणली, "चला," आन वल्या काष्ट्यानं बंगल्यावर गेली, राहिलेल्या चादरी धुवायला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्ल वाढवून पातळ बाटल्या बरोबर करून घेतल्या, माज्याच हातानं. भिंतीवरच्या सूत्राखाली मराठीत मोठ्या अक्षरात लिवलं, 'पातळ पाण्याला हे लावू नये.' ते मला वाचता आलं. तो लांबचा हिशेब शिकवा म्हणून मी बाईंच्या मागं लागले, त्यांनी शिकवलाबी, पण वर्गमूळापाशी माजी गाडी अडली ती अडलीच. खोटं कशाला सांगू, तो हिशेब मला आजबी येत न्हाई. नात म्हणती आता मशीनच करतं, आजी. करू दे. पण मशीनमदी कुणी कुठलं सूत्र घातलं आन ते कुटंवर चालतं, ते कुणी भिंतीवर लिवलंय का, ते मी तिला इचारते. ती म्हणती, बगते. बगितलं का न्हाई ते आजून सांगितलं न्हाई.

लोक म्हणत्यात, आजी, तुमी पहिल्यापसनंच भांडखोर. व्हय, हाय मी. त्या दिवसाचा मला कदी पस्तावा वाटला न्हाई. मामीनं त्या राती ताटली आपटली, मी ती उचलली, धुतली, जागेवर ठिवली, आन भाकरी मागून घेतली.

आता जे कुणी हे वाचत असंल त्याला माजी एकच इनंती हाय. कदी तुमचा कागद एक सांगंल आन काटा दुसरं सांगंल, आन म्होरं एकादी पोर उभी असंल जिच्याकडं कागद न्हाई, तर तिला लगेच चोर म्हणू नका. आन तिनं केलेलं काम सांडू नका. ते ठिवा, आन तिच्याच म्होरं तपासा.